अंगठ्यावरचा डाग : लांबणीवर टाकलेल्या शिक्षेची कहाणी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या पडवीत येऊन बसलो होतो. एवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली छत्रीचे पाणी निथळीत आत आल्या. पदराखाली जपून आणलेला एक कागद त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवला व म्हणाल्या, "फादर, एवढं वाचून सांगा. पोराची केस मिटली की नाही?"

तो कागद अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या एका न्यायालयाचा होता. माउलींचा मुलगा नोकरीच्या परवान्यावर तिकडे राहतो. एका दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप त्याच्यावर आला, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी त्याची शिक्षा एका वर्षासाठी लांबणीवर टाकली. अटी पाळ, नीट वाग, वर्षानंतर पाहू, असे ते सांगणे होते. वर्ष सरले. मुलाने सर्व अटी पाळल्या होत्या. त्याने गुन्ह्याची दिलेली कबुली मागे घेतली गेल्याचे व आरोप रद्द झाल्याचे त्या कागदावर नमूद होते. (माउलींच्या अनुमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत; ओळख पटेल असा तपशील अर्थातच गाळला आहे.)

"मिटली, बाई," आम्ही म्हणालो.

"मग तो घरी का येत नाही?" त्यांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी पुढील काही महिने आम्ही जी पुस्तके चाळली आणि ज्या जाणकार वकील मंडळींशी बोललो, त्याचे फलित वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय न्यायालयाचा असला, तरी त्याची मुळे ख्रिस्तसभेच्या अंगणात किती खोलवर गेलेली आहेत, हे पाहून आम्हीही चकित झालो.

आधी प्रायश्चित्त, मग समेट

आज आपण पापनिवेदन करतो, धर्मगुरू पापक्षमा देतात आणि सांगितलेले प्रायश्चित्त आपण त्यानंतर पुरे करतो. पहिल्या शतकांतील क्रम याच्या उलट होता. खून, व्यभिचार, छळाच्या काळात केलेला श्रद्धात्याग अशा घोर पातकांसाठी पातक्याने आधी आपला अपराध मान्य करावा, मग कित्येक वर्षे पश्चात्तापी म्हणून उपासनेच्या वेळी वेगळे उभे राहावे, उपवास व दानधर्म करावा आणि मुदत संपल्यावर बिशपांच्या हस्तस्पर्शाने पुन्हा मंडळीत यावे, अशी रीत होती. रोममध्ये हा समेट ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी होत असे. पोप पहिले इनोसंट यांनी इ. स. ४१६ साली लिहिलेल्या एका पत्रात त्याचा उल्लेख आहे.

म्हणजे कबुली आधी, कसोटीचा काळ मध्ये आणि मोकळीक शेवटी. त्या माउलींच्या हातातील कागदाचाही क्रम नेमका हाच होता.

इ. स. ३२५ सालच्या निकाया धर्मपरिषदेने आणखी एक शहाणपण दाखविले. तिच्या बाराव्या नियमात पश्चात्तापाच्या दीर्घ मुदती ठरवून दिल्या आहेत. परंतु ज्याचा पालट केवळ बाहेरचा नसून खरा आहे, जो अश्रूंनी आणि सत्कृत्यांनी तो सिद्ध करतो, त्याच्या बाबतीत बिशपांनी अधिक दयेने निर्णय घ्यावा, अशी मुभाही दिली आहे. मुदतीकडे पाहायचे, पण माणसाकडेही पाहायचे, हे तत्त्व त्या काळी लेखी नमूद झाले होते.

परंतु याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समेट झाला तरी पश्चात्तापी पूर्ववत होत नसे. पोप सिरिशियस यांनी इ. स. ३८५ साली स्पेनमधील एका बिशपांना लिहिलेल्या पत्रात अशा माणसाने पुन्हा सैन्यात जाऊ नये, नव्याने विवाह करू नये, असे म्हटले आहे. धर्मसेवकांच्या वर्गातही त्याला प्रवेश नव्हता. क्षमा मिळे, पण मागचे बंधन जन्मभर राही. शिवाय हे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक प्रायश्चित्त टाळू लागले, मृत्युशय्येपर्यंत पुढे ढकलू लागले. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी आणि पुन्हापुन्हा घेता येणाऱ्या पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. क्षमेनंतरही डाग पुसला जात नसेल, तर माणसे क्षमेच्या वाटेलाच जात नाहीत, हा त्या काळाने दिलेला धडा आहे.

स्तोत्र वाचा आणि जीव वाचवा

मध्ययुगात इंग्लंडमध्ये धर्मसेवकांचा न्याय राजाच्या न्यायालयाने करावा की ख्रिस्तसभेच्या, असा मोठा वाद झाला. राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बेकेट यांच्यातील संघर्षाचे हे एक प्रमुख कारण होते. ११७० सालच्या २९ डिसेंबरला बेकेट यांचा त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये वध झाला. त्यानंतर राजाला नमते घ्यावे लागले आणि धर्मसेवकांना फाशीपासून सूट देणारी प्रथा रूढ झाली.

त्या काळी वाचता येणे हीच धर्मसेवक असल्याची खूण मानली जाई. म्हणून न्यायालयात आरोपीपुढे बायबल उघडून धरीत, आणि बहुधा स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ त्याला वाचावा लागे. दाविद राजाच्या पश्चात्तापाचे हे स्तोत्र आपण उपवासकाळात आजही म्हणतो. ते वाचता आले की फास टळला! साहजिकच अक्षरशत्रूही ते तोंडपाठ करून येऊ लागले आणि हळूहळू धर्मसेवकांची ही सवलत सर्वसामान्यांच्याही पदरात पडली. न्यायाधीशांनाही हे ठाऊक असे. पण क्षुल्लक चोरीसाठी फाशी देणाऱ्या कठोर कायद्यातून सुटण्याची तीच एक खिडकी होती.

मात्र १४८९ साली राजा सातवा हेन्री याने एक अट घातली. जो खरोखर दीक्षित नाही, त्याला ही सवलत एकदाच मिळेल. आणि त्याने ती एकदा घेतली आहे हे कळावे, म्हणून त्याच्या अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाने अक्षर डागले जाईल. प्रसिद्ध नाटककार बेन जॉन्सन याच्या हातून १५९८ साली द्वंद्वात एक नट मारला गेला, तेव्हा तो असाच वाचून सुटला आणि अंगठ्यावर डाग घेऊन बाहेर पडला. आपल्याकडे ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा शाईत बुडवीत. तिकडे ज्याला वाचता येई, त्याचा अंगठा डागीत.

आपल्या मराठीत 'डाग' हा शब्द मोठा बोलका आहे. तापल्या लोखंडाने गुरांना देतात तोही डाग आणि चारित्र्याला लागतो तोही डागच. इंग्लंडच्या त्या न्यायालयात दोन्ही एकत्र आले होते. दया मिळाली, पण दया मिळाल्याची खूण अंगावर कायमची उमटली.

ही प्रथा समुद्र ओलांडून अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींतही गेली. १७७० साली बोस्टन शहरात ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळीबार केला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स हे त्या शिपायांचे वकील होते. दोघे शिपाई सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले, त्यांनी हीच जुनी सवलत मागितली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे अंगठे डागून त्यांना सोडून देण्यात आले. इंग्लंडात ही सवलत १८२७ साली रद्द झाली. आणि ज्या बोस्टनमध्ये ते अंगठे डागले गेले, त्याच शहरात साठ-सत्तर वर्षांनी एक वेगळी वाट सापडली.

न मिटलेला खटला

१८३० साली बोस्टनच्या न्यायालयात जेरुशा चेस नावाच्या स्त्रीने एका घरातून चोरी केल्याची कबुली दिली. न्यायाधीश होते पीटर ऑक्सनब्रिज थॅचर. त्या स्त्रीच्या स्नेह्यांनी रदबदली केली, सरकारी वकिलांनीही हरकत घेतली नाही. तेव्हा न्यायाधीशांनी शिक्षा न सुनावता, बोलावू तेव्हा हजर राहीन, असा जातमुचलका तिच्याकडून लिहून घेतला आणि तिला घरी जाऊ दिले.

पुढल्याच वर्षी तिच्यावर दुसऱ्या चोरीचा आरोप आला. त्या आरोपातून ती निर्दोष सुटली. परंतु जुनी कबुली दप्तरात पडलेलीच होती. सरकारपक्षाने ती बाहेर काढली आणि न्यायाधीशांनी त्या जुन्या गुन्ह्याबद्दल तिला शिक्षा सुनावली.

येथे थॅचर यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी दाखविलेली दया खरीच होती, आणि शिक्षा लांबणीवर टाकण्याच्या अमेरिकी प्रथेचा आरंभ अभ्यासक याच खटल्यापासून धरतात. पण त्या दयेत एक उणीव होती. तिला अखेरची तारीख नव्हती. किती दिवस नीट वागले म्हणजे मी मोकळी झाले, हे जेरुशा चेसला कोणीच सांगितले नव्हते. डोक्यावर टांगलेली तलवार कधी काढायची, हे ठरलेलेच नव्हते.

मोच्याचे तीन आठवडे

ही उणीव भरून काढली ती एका मोच्याने. जॉन ऑगस्टस हा बोस्टनमधील बूट बनविणारा कारागीर. न्यायाधीश नव्हे, वकील नव्हे, पाळकही नव्हे. १७८५ साली जन्मलेला हा गृहस्थ दारूबंदीच्या चळवळीत होता आणि त्याचे दुकान न्यायालयापासून जवळच होते. १८४१ सालच्या ऑगस्ट महिन्यात एके सकाळी तो न्यायालयात बसला असता फाटक्यातुटक्या कपड्यांतील एका माणसाला शिपायाने आत आणले. अट्टल दारुडा असल्याचा त्याच्यावर आरोप होता आणि अशांची रवानगी सुधारगृह म्हणविल्या जाणाऱ्या तुरुंगात होत असे. ऑगस्टसने त्याच्याशी चार शब्द बोलून पाहिले. यातून वाचलो तर पुन्हा थेंबाला शिवणार नाही, असे तो माणूस म्हणाला. ऑगस्टसने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि न्यायालयाच्या अनुमतीने त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी दोघांनी हजर राहावे, असे ठरले.

तीन आठवड्यांनी तो माणूस न्यायालयात आला, तेव्हा शिपायांनासुद्धा तो ओळखू येईना, इतका त्याचा कायापालट झाला होता. न्यायाधीशांनी काय करावे? तुरुंगाऐवजी त्यांनी त्याला दंड केला एक सेंट! न्यायालयाचा खर्च मिळून एकूण रक्कम झाली ३ डॉलर ७६ सेंट. त्याने ती तिथल्या तिथे भरली आणि तो मोकळा झाला.

हा एक सेंट आम्हांला फार मोलाचा वाटतो. गुन्हा घडलाच नाही, असे न्यायाधीश म्हणाले नाहीत. म्हणून दंड झाला. पण तो दंड एवढा लहान होता की तो भरताच हिशेब पुरा झाला. जेरुशा चेसला जे मिळाले नाही, ते या अनाम माणसाला मिळाले. त्याच्या खटल्याला शेवट मिळाला.

त्यानंतर ऑगस्टसने हे आपले जीवितकार्यच केले. कोणाचा जामीन घ्यायचा हे तो पारखून ठरवी. आरोपीचे पूर्वीचे वर्तन कसे, वय काय, संगत कोणाची, हे पाही. मुलांना शाळेत घाली, मोठ्यांना काम शोधून देई, गरज पडल्यास आपल्या घरी ठेवून घेई आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवी. १८५८ सालापर्यंत त्याने १,९४६ स्त्री-पुरुषांचे जामीन घेतले होते आणि त्यांपैकी अवघ्या दहा जणांनी दगा दिला, असे नमूद आहे. पायपीट त्याची, पैसाही पुष्कळसा त्याचा. दुकानाकडे दुर्लक्ष होऊन धंदा बसला तो वेगळाच. तुरुंगात माणूस पोचविल्याबद्दल ज्या कर्मचाऱ्यांना शुल्क मिळे, त्यांचे उत्पन्न त्याच्यामुळे बुडू लागले, म्हणून तेही त्याच्यावर डूख धरून होते. १८५९ च्या जूनमध्ये तो वारला.

दयेला कायद्याचे अंग

ऑगस्टसच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, १८७८ साली, मॅसॅच्युसेट्स राज्याने बोस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. पहिले अधिकारी नेमले गेले ते एडवर्ड सॅव्हेज. ते त्याच शहराचे माजी पोलिस प्रमुख होते. तिकडे इंग्लंडात १८७६ साली फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकाने पाच शिलिंगांची देणगी अँग्लिकन पंथाच्या मद्यपानविरोधी संस्थेला पाठवून, न्यायालयात सापडलेल्या माणसांसाठी काहीतरी करा, अशी विनंती केली. त्यातून न्यायालयांत काम करणारे मिशनरी उभे राहिले आणि १९०७ साली तेथेही परिवीक्षेचा कायदा आला. मोची आणि मुद्रक! हातांनी काम करणाऱ्या दोन प्रापंचिकांनी सुरू केलेले हे कार्य होते, हे आपल्या धर्मग्रामांतील संघटनांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

युरोप खंडाने थोडी निराळी वाट धरली. बेल्जियमने १८८८ साली आणि फ्रान्सने सिनेटर बेरांजे यांच्या पुढाकाराने १८९१ साली कायदे केले. तेथे शिक्षा सुनावली जाई, पण तिची अंमलबजावणी थांबविली जाई. फ्रान्समध्ये पाच वर्षे नवा गुन्हा घडला नाही, तर ती शिक्षा जणू झालीच नव्हती, असे कायदा मानी. शेवटाची तारीख येथे कायद्यानेच लिहून ठेवली होती.

अमेरिकेत मात्र एक मोठा अडथळा आला. ओहायो राज्यातील टोलेडो येथे बँकेचे ४,७०० डॉलर लाटणाऱ्या एका तरुणाने गुन्हा कबूल केला. पहिलाच अपराध, वय कोवळे. न्यायाधीश जॉन किलिट्स यांनी पाच वर्षांची शिक्षा सुनावली, पण वर्तन चांगले असेतोवर ती स्थगित ठेवली. सरकारने आक्षेप घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९१६ सालच्या ४ डिसेंबरला सरन्यायाधीश एडवर्ड डग्लस व्हाइट यांनी निकाल दिला. कायदेमंडळाने शिक्षा ठरवून दिली असता ती बेमुदत स्थगित ठेवण्याचा उपजत अधिकार न्यायाधीशाला नाही, असा तो निकाल होता. हे सरन्यायाधीश कॅथलिक होते, जेझुइटांच्या हाताखाली शिकलेले होते. त्यांना दया ठाऊक नव्हती, असे नव्हे. तथापि दया करायची तर ती न्यायाधीशाच्या लहरीवर असू नये, तिला कायद्याचा आधार असावा, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. तोवर अशी स्थगिती मिळून आपापल्या कामधंद्याला लागलेल्या पुष्कळ माणसांवर पुन्हा तुरुंगाची पाळी आली असती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१७ साली माफी देऊन ती टाळली. १९२५ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या सहीने परिवीक्षेचा संघीय कायदा झाला आणि तो आधारही मिळाला.

खटला बंद होतो म्हणजे काय होते?

आता त्या माउलींच्या कागदाकडे वळू. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार आरोपी गुन्हा कबूल करतो, सरकारी वकील व आरोपी लेखी करार करतात आणि न्यायाधीश निवाडा व शिक्षा दोन्ही लांबणीवर टाकतात. गंभीर गुन्ह्यात ही मुदत चार वर्षांपर्यंत, इतरांत दोन वर्षांपर्यंत असू शकते. या काळात नवा गुन्हा करायचा नाही, नुकसानभरपाई द्यायची, सांगितलेले वर्ग वा समाजसेवा पुरी करायची. अट मोडली, तर पूर्वीची कबुली उभीच असते. वेगळा खटला न चालविता न्यायाधीश शिक्षा देऊ शकतात. अटी पाळल्या, तर कबुली मागे घेतली जाते आणि आरोप असा रद्द होतो की तो पुन्हा कधीही दाखल करता येत नाही. जेरुशा चेसची गत आता होणार नाही.

परंतु आरोप रद्द होणे वेगळे आणि नोंद झाकली जाणे वेगळे. न्यायालयाच्या दप्तरात खटल्याची नोंद राहतेच. ती सर्वांच्या नजरेआड करण्यासाठी बहुधा स्वतंत्र कार्यवाही लागते. मोकळा झालो म्हणून निश्चिंत बसलेल्या माणसाला नोकरीच्या मुलाखतीत ती नोंद अचानक भेटते.

याहून मोठी अडचण परदेशी माणसाची. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने स्थलांतराच्या कायद्यात दोषसिद्धीची नवी व्याख्या घातली. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल आणि न्यायाधीशाने कोणतीही शिक्षा वा बंधन घातले असेल, तर निवाडा लांबणीवर टाकलेला असला तरी स्थलांतर खात्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच होय. पुढे अटी पाळून आरोप रद्द झाला, तरी सामान्यतः फरक पडत नाही. म्हणजे राज्याच्या न्यायालयात जो निर्मळ, तोच परवान्याच्या खिडकीशी दोषी! २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कबुलीमुळे देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असेल तर वकिलाने परदेशी अशिलाला त्याची सूचना दिलीच पाहिजे, असे ठरविले. तरीही घाईघाईत 'हो' म्हणून मोकळी होणारी माणसे असतातच. आपल्या घराघरांतून मुले परदेशी जात आहेत. तेव्हा हे आईबापांनीही जाणून असावे. त्या माउलींच्या मुलाला त्याच्या वकिलांनी एवढेच सांगितले आहे की, सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नकोस. परत आत घेतील याची शाश्वती नाही.

आपल्या घरचा कायदा

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. १८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमाने पहिल्या अपराधाच्या आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय केली. मुंबई इलाख्याने १९३८ साली परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ साली सबंध देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, परिस्थिती व स्वभाव पाहून न्यायाधीश अपराध्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतात. २१ वर्षांखालील तरुणाला तुरुंगात धाडायचेच असेल, तर त्याची कारणे लिहावी लागतात. वर्तन सुधारल्याची खात्री पटली, तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून मुदतीआधीही बंधपत्रातून मुक्त करता येते. निकायाच्या बाराव्या नियमाची आठवण व्हावी, असेच हे कलम आहे. संहितेतील तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०१ व्या कलमात आली आहे.

१९५८ च्या कायद्याचे बारावे कलम सांगते की, अशा रीतीने सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता सोसावी लागणार नाही. हे वाचून आम्हांला आनंद झाला. पण पुढील निवाडे वाचल्यावर तो थोडा ओसरला. अपात्रता जाते, दोषसिद्धी पुसली जात नाही. आणि मूळ गैरवर्तनाबद्दल खातेनिहाय कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९९० सालच्या निकालांत स्पष्ट केले आहे. फक्त बालकांच्या बाबतीत कायदा पुढे गेला आहे. २०१५ सालच्या बालन्याय अधिनियमात, काही अपवाद सोडता, मुदतीनंतर नोंदच नष्ट करण्याची आज्ञा आहे.

म्हणजे तिकडे काय, इकडे काय, न्यायालय हिशेब मिटविते, पण वही मात्र जपून ठेवते. वही ठेवूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याची चोरी झाली, ज्याला मार बसला, त्यालाही न्याय हवा असतो. आणि तोच माणूस पुन्हा अपराध करील तर ते कळायला हवे. परंतु ज्याने कबूल केले, भरून दिले, मुदत पाळली, त्याच्यासाठी एखादा दिवस तरी असा यावा की त्या दिवसानंतर त्याचा अंगठा कोणी उलटा करून पाहणार नाही.

आणि न्यायालयाची वही बंद झाली, तरी गावाची वही उघडीच असते. ती आपल्या हाती आहे. तुरुंगातून वा न्यायालयातून परतलेल्याच्या घरी सणाला कोण जाते? त्याच्या बहिणीची सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता निघतो? चर्चच्या कामासाठी माणसे निवडताना आपण कोणाचे नाव गुपचूप वगळतो? आम्ही स्वतःही असे एक नाव पूर्वी एकदा यादीतून काढले होते. त्या गृहस्थाची मुदत केव्हाच संपली होती. नाव का नाही, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. आज ते लिहून ठेवीत आहोत.

पुस्तके मिटल्यावर आम्ही त्या माउलींकडे गेलो. न्यायालयात केस खरोखर मिटली आहे, आरोप रद्द झाल्याच्या हुकुमाची प्रमाणित प्रत मुलाने जन्मभर जपून ठेवावी आणि तिकडच्या स्थलांतराच्या कायद्याचा जाणकार वकील गाठून मगच प्रवासाचे ठरवावे, असे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "म्हणजे कोर्टानं सोडलं, पण अजून येता येत नाही."

"होय," आम्ही म्हणालो.

"आणि आला, तर इथं त्याला कोण काय बोलेल?"

"ते आमच्याकडे लागलं," आम्ही म्हणालो.

नाताळ जवळ येत आहे. अंगणातल्या गोठ्याचे काम करणाऱ्या तरुणांच्या यादीत आम्ही त्या मुलाचे नाव घातले आहे. यंदा तो येणार नाही, हे ठाऊक आहे. तरी नाव असू द्यावे.